उभ्याचं काम

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या मेडिकलमध्ये काउंटरच्या आत दोन माणसं मावतात, आणि दोन्ही उभी. मागे छतापर्यंत कप्पे, पुढे काच, उजव्या हाताला फ्रीज. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याने ती जागा दाखवली आणि म्हणाला, ‘उभ्याचं काम आहे. जमंल न्हवं?’ मी नुकतीच डी. फार्म. झालेली. न जमायला काय झालं, असं वाटलं. आमच्या माहेरी बसून काम कुणी केलंच नव्हतं.

त्याला 24 वर्षं झाली. सकाळी साडेनऊ ते दोन आणि दुपारी साडेचार ते रात्री दहा. एवढ्या वेळात आपण चालतो किती, याचा एकदा हिशेब केला. काउंटरपासून शेवटच्या कप्प्यापर्यंत चार पावलं, परत येताना चार. बाकी सगळं जागच्या जागी. चालणाऱ्याचे पाय दमतात. रात्री झोपलं की सकाळी उतरतात. एका जागी उभं राहणाऱ्याचे पाय भरतात. हा फरक मला शब्दांत सांगता यायला फार वर्षं गेली. संध्याकाळी सातनंतर पोटऱ्यांत कुणी ओली वाळू भरत असल्यासारखं वाटायचं. चपलेचा पट्टा रुतायचा, घरी गेल्यावर त्याचा वळ तासभर तसाच राहायचा. रात्री दोन-तीनला पिंढरीत गोळा चढायचा आणि मी उठून, पलंगाची कड धरून, अंगठा वर ओढत बसायचे.

पहिली निळी रेघ धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात दिसली. उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला, बोटभर. सगळ्या म्हणाल्या, बाळंतपण झालं की जाईल. असं होतंही. पोटुशीपणात अंगातलं रक्त वाढतं, प्रोजेस्टेरॉनने शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वरून गर्भाशयाचा भार शिरांवर येतो. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींच्या शिरा परत आत जातात. माझी गेली नाही. चाळिशीपर्यंत ती रेघ गुडघ्याखाली उतरून दोरीएवढी जाड झाली, आणि पुढं तिला गाठी आल्या. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या ह्याच.

ती मी कुणाला दाखवली नाही. पंजाबी ड्रेसच्या सलवारीत सगळं झाकतं. नवऱ्याला माहीत होतं, रात्री तोच पाय चेपायचा, पण ‘दाखवून ये की’ म्हणाला तर मी ‘सीझन होऊ दे’ म्हणायचे. औषधाच्या दुकानाचा सीझन कधी संपतो? पावसाळ्यात ताप, थंडीत खोकला, उन्हाळ्यात जुलाब. सल्ले मात्र भरपूर मिळाले. एका मामांनी तालमीतल्या वस्तादांकडून तेल लावून रगडून घे म्हणून सांगितलं. शेजारणीने जळवा लावणारा माणूस सुचवला. मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय सोडून बसायचं हे तर जो तो सांगायचा, आणि ते मी केलंही. त्याने उलट जास्त ठणकायचं. उष्णतेने शिरा सैल पडतात, फुगतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं आणि आपल्या पायाला लावलेलं यांच्यात इतकं अंतर का असतं, याचा विचार मी पुढं पुष्कळ केला. त्याचं कारण माझी आई.

भोगावतीच्या काठचं आमचं गाव. जुलैत भाताची रोपलावण सुरू झाली की आई डोक्यावर इरलं घेऊन पहाटेपासून चिखलात. काष्टा वर खोचलेला, पाय पोटरीपर्यंत पाण्यात. माझे पाय सलवारीत झाकलेले होते, पण आईचे पाय अख्ख्या शिवाराने जन्मभर पाहिले. तरी तेही कुणी पाहिले नाहीत. तिच्या दोन्ही घोट्यांवरची कातडी आधी तांबूस, मग करडी, मग काळी पडत गेली. हात लावला तर चामड्यासारखी टणक. बायका म्हणायच्या, चिखल मुरलाय पायात. आईही तेच म्हणायची, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. लावणीत तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती. चिखल मुरला म्हणजे काम मुरलं.

2005 च्या सुगीत उसाचा पाला लागून डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला चिरलं. आठ आण्याएवढी जखम. उसाच्या रानात हे रोजचंच. पण ती भरेना. हळद-तूप झालं, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. मग मी पुढं झाले, घरातली शिकलेली. दुकानातून पोव्हिडोन आयोडीन नेलं, गॉज नेलं, मलमं नेली. रक्तातली साखर तपासली, ती नॉर्मल. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी तीनदा अँटिबायोटिक बदललं. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं तर सांगितलं, वयाने भरायला वेळ लागतो, कोरडी ठेवा. कोरडी कशी ठेवायची? ती वाहायची. सकाळी बांधलेली पट्टी दुपारी पिवळी होऊन खाली ओघळायची. आई म्हणायची, ‘व्हातंय ते बरं हाय. आत ऱ्हायलं तर इख हुईल.’

अकरा वर्षं. जखम कधी रुपयाएवढी व्हायची, कधी तळहाताएवढी. मी दर पंधरा दिवसांनी रविवारी एसटीने जायची, पट्टी सोडायची, धुवायची, परत बांधायची. आई खाटेवर पाय लांब करून पडलेली असायची. सगळ्या डॉक्टरांनीही तिला तपासलं ते टेबलावर आडवं घालून. आडव्या पायाच्या शिरा दिसत नाहीत, रक्त वर निघून गेलेलं असतं. त्या अकरा वर्षांत तिला कुणी म्हटलं नाही, मावशी, जरा खाली उतरून उभ्या राहा बघू. मीही नाही.

नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी असायची, जखमेसकट. आणि नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला आमच्याकडे यायची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: वर्षातून दोनदा, जानेवारी-फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. गर्दी असते ती तिसऱ्या दिवशी. आईला मात्र पहिलाच दिवस हवा असायचा. ‘पायाला ऊन लागलं की झालं. तोंड काय, बारमाही बघतो आपण.’ 2015 च्या नोव्हेंबरात शेवटची आली. ऊन आत शिरायच्या आधी तास-दीड तास एका जागी उभी होती. परत येताना रिक्षात पट्टी भिजून रिक्षाच्या फळीवर ओल उतरली. तिने पदराने ती पुसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, ‘बाळ, रागवू नको.’

2016 च्या पावसाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. शेवटची आंघोळ घालताना पायाची पट्टी मीच सोडली. जखम होती तशीच होती.

त्यानंतर सहा वर्षांनी, 2022 च्या उन्हाळ्यात, रात्री दुकान बंद करून आल्यावर पाय धुताना मला माझ्या उजव्या घोट्याच्या आत तांबूस ठिपके दिसले. चहा सांडून वाळल्यासारखे. चोळून पाहिले, जाईनात. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली मी पाय वर धरून बराच वेळ उभी होते. हा रंग मी ओळखत होते. चिखल मुरल्याचा रंग. आणि मी तर चिखलात कधी उभीच राहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर सोपवून मी शिरांच्या डॉक्टरांकडे गेले. व्हॅस्क्युलर सर्जन कोल्हापुरात आहेत हे मला ठाऊक होतं, त्यांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतात. गेले मात्र पहिल्यांदाच. त्यांनी आधी काय केलं असेल, तर मला एका लाकडी पायरीवर उभं केलं. हाताने कठडा धर, सगळा भार डाव्या पायावर घे, उजवा सैल सोड. मग जांघेपासून घोट्यापर्यंत गार जेल आणि सोनोग्राफीचा तो हातातला यंत्राचा तुकडा. डॉपलर. त्यांनी माझी पोटरी मुठीत धरून दाबली, पडद्यावर निळा रंग उमटला, यंत्रातून हुश्श आवाज आला. मूठ सोडली. आता आवाज थांबायला हवा होता. पण पडद्यावर लाल रंग सांडला आणि तो हुश्श उलट्या दिशेने चालूच राहिला, संपता संपेना. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या सेकंदापर्यंत असं मागं येणं आम्ही चालवून घेतो. तुमचं चार सेकंदांच्या आसपास आहे.

तिथं त्या पायरीवर मला आठवला तो आमच्या नदीकाठचा पंप.

वडिलांची मोटर भोगावतीच्या काठावर. नदीतून उसाला पाणी चढवायचं तर पाईपच्या पाण्यातल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह लागतो. आमच्याकडे त्याला सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. आत एक झडप. पाणी वर जाताना उघडते, मोटर थांबली की मिटते, म्हणजे चढलेलं पाणी खाली उतरत नाही. त्या झडपेत काडी अडकली, रबर झिजलं, तर रात्रभरात पाईप रिकामी. मग सकाळी बादलीने पाणी ओतत बसा. दर दोन-तीन वर्षांनी वडील छातीभर पाण्यात उतरून तो फुटबॉल काढायचे, बदलायचे. पाणी का चढेना हे त्यांना मोटरच्या आवाजावरून कळायचं.

पायाच्या शिरेत नेमकं हेच असतं. हृदय रक्त खाली ढकलतं, पण खालून वर खेचून घ्यायला तिथं काही नाही. ते काम पोटरीचं. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि खोल शिरांतलं रक्त वर पिळून काढतो. ते परत घसरू नये म्हणून शिरांत जागोजागी इवल्या झडपा. एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. तोच माणूस चालू लागला आणि झडपा शाबूत असल्या, तर तो 30 च्या खाली येतो. झडपा गेल्या तर चालूनही तो पुरता उतरत नाही. मग शीर फुगते, वाकडीतिकडी होते. दाबामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी कातडीत झिरपतात, फुटतात, त्यांतलं लोह तिथंच साचून राहतं. तोच तो काळा रंग. आईच्या पायात मुरलं होतं ते तिच्याच रक्तातलं लोखंड. आणि अशी कातडी एकदा चिरली की भरत नाही, कारण खालचा दाब तिला भरू देत नाही. त्या जखमेला किती मलमं फासली, त्याने काय होणार? गळत होतं वर, आणि मी पुसत होते खाली. नदीत उतरून फुटबॉल बदलणारे वडील आणि जखमेची पट्टी बदलणारी मी, दोघं एकाच घरात होतो.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: सी-4. आजाराच्या पायऱ्या सी-0 पासून सी-6 पर्यंत असतात. सी-2 म्हणजे फुगलेली शीर, सी-3 सूज, सी-4 कातडीचा बदल, सी-5 भरून आलेली जखम, सी-6 उघडी जखम. मी विचारलं, ‘अकरा वर्षं वाहणारी जखम?’ ते म्हणाले, ‘सी-6. कुणाला आहे? घेऊन या.’

यातलं काही नवं नाही, याचा मला जास्त त्रास झाला. इटलीतल्या फॅब्रिशियसने शिरांतल्या झडपांची चित्रं 1603 साली छापली. त्याला त्यांचा उपयोग नीट कळला नाही. तो त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने 1628 साली सांगितला, रक्त शिरेतून एकाच दिशेने, हृदयाकडे जातं. हा प्रयोग आम्ही डिप्लोमाला वाचलाय. दंड बांधायचा, हातावरची शीर फुगवायची, बोटाने दाबून रक्त मनगटाकडे ढकलायला बघायचं, जात नाही. 1890 च्या सुमाराला जर्मनीत ट्रेंडेलेनबर्गने मांडीतली हीच मोठी शीर बांधून टाकायची शस्त्रक्रिया केली. म्हणजे आईच्या घोट्याला उसाचा पाला लागला त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी उपाय होता. 2018 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. 450 रुग्ण, सगळ्यांना अशाच जखमा. ज्यांना नुसतं दाबपट्टीवर न ठेवता लगेच शीर बंद करून दिली, त्यांच्यातल्या निम्म्या जणांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या. बाकीच्यांतल्या निम्म्यांच्या, योग्य दाबपट्टी बांधून, 82 दिवसांत. मी हे आकडे दुकानाच्या बिलबुकाच्या मागे लिहून ठेवलेत. 56. 82. आणि आमचे अकरा वर्षांचे दिवस मी मांडले नाहीत, मांडवेनात.

दाबपट्टी तरी बांधता आली असती. क्रेप बँडेज आमच्या दुकानात ढिगाने. पण मी ती जखमेभोवती गुंडाळत होते, गॉज पडू नये एवढ्यापुरती. पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करून, घोट्याशी सगळ्यांत घट्ट आणि गुडघ्याकडे जाता जाता सैल, अशी ती बांधायची असते. जखमांसाठीच्या चार थरांच्या पट्टीने घोट्याशी 40 मिलिमीटरच्या आसपास दाब येतो. अर्थात हेही आधी पायाच्या धमन्या तपासून. तंबाखू-विडीने किंवा मधुमेहाने ज्यांच्या धमन्या अरुंद झाल्यात, त्यांचा पाय घट्ट बांधला तर रक्तच पोचणार नाही. म्हणून डॉक्टर घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर ताडून बघतात. आमच्याकडे आजही माणसं येतात आणि बोट दाखवून ‘तो पायमोजा द्या’ म्हणतात. पूर्वी मी काढून द्यायची.

आणि तो मोजाही चुकीचा द्यायची, हे सांगितलं पाहिजे. बाजारात पांढरे लांब मोजे मिळतात, ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. त्यांचा दाब हलका, झोपलेल्या पायापुरता. हिंडत्या-फिरत्या माणसाला लागतात ते वेगळे, कातडीच्या रंगाचे, घोट्याशी कडक. डॉक्टर बहुधा क्लास 2 लिहितात, म्हणजे 23 ते 32 मिलिमीटर. पण पांढरे स्वस्त. चिठ्ठीवर नुसतं ‘स्टॉकिंग’ लिहिलेलं असलं की मी गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून पांढरे काढायची. मापही चपलेच्या नंबरावरून. खरं तर घोटा, पोटरी, मांडी टेपने मोजायची, तीही सकाळी, पाय सुजायच्या आत. किती जणांना मी असे निरुपयोगी मोजे दिले असतील! ते दोन दिवस घालून ट्रंकेत टाकले असतील आणि म्हणाले असतील, ह्याने काय होत न्हाई.

मला तीन महिने मोजे आणि गोळ्या दिल्या. डायोस्मिनच्या गोळ्यांनी जडपणा उतरतो, झडप काही दुरुस्त होत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. मोजा चढवणं हे सकाळचं एक काम होऊन बसलं. अंथरुणातून पाय खाली टेकायच्या आधी तो चढवायचा, टाचेपर्यंत उलटा करून, मग इंचाइंचाने वर. एप्रिल-मेत घामाने आतून खाज सुटायची. पण पंधरा दिवसांत रात्रीचे गोळे थांबले. इतक्या वर्षांनी मी सलग झोपले, आणि सकाळी जाग आल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

मग लेसर. विम्याच्या कागदात व्हेरिकोज व्हेन्स दोन वर्षांच्या प्रतीक्षेच्या यादीत असतात. आमची पॉलिसी जुनी होती म्हणून निभावलं. ज्यांची नवी आहे त्यांनी तो कागद आधी वाचावा. सकाळी सातला गेले. गुडघ्यापाशी सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून शिरेत बारीक तार, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत ती जांघेपर्यंत. मग शिरेच्या भोवतीने सलाइन आणि भूल मिसळलेलं पाणी टोचत जातात, दहा-बारा ठिकाणी. ते टोचणं दुखतं, खोटं कशाला सांगू. त्या पाण्यामुळे शीर चोहोबाजूंनी आवळते आणि लेसरची उष्णता कातडीपर्यंत येत नाही. नंतर तार हळूहळू मागे ओढतात, ती मागे येईल तशी शीर आतून भाजून मिटत जाते. मला जळल्यासारखा एक वास आला, जिभेवर चव आली, बस. पोटरीवरच्या गाठींत फेस सोडला. पोलिडोकॅनॉल नावाचं औषध आणि हवा, दोन सिरिंजांतून एकमेकींत पंधरा-वीस वेळा घुसळून केलेला पांढरा घट्ट फेस. औषधाच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला ते घुसळणं बघताना भूल विसरायला झालं. दुपारी मी मोजा घालून वॉर्डात चालत होते. चालाच, असं सांगतात. पडून राहायचं नाही.

गिऱ्हाइकं हमखास विचारतात: शीर बंद केली तर रक्त वर जाणार कुठनं? पायातलं 90 टक्क्यांच्या आसपास रक्त खोल शिरांतूनच जातं. त्या शाबूत आहेत हे आधी डॉपलरवर पाहून घेतात. बंद करतात ती वरवरची, जिच्यातून रक्त उलटं खालीच येत होतं. गळकी पाईप बंद केली की पाणी चांगल्या पाईपने चढतं.

आठवडाभर मांडीत आतून सुतळी ओढून धरल्यासारखं वाटलं. निळे-पिवळे डाग तीन आठवडे. घोट्याजवळ तळहाताएवढ्या जागी अजून बधिर आहे. तांबूस ठिपके गेले नाहीत, फिके झाले. कातडीत उतरलेलं लोह सहजी परत जात नाही. आणि उद्या दुसऱ्या एखाद्या शिरेची झडप जाऊ शकते, तेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून वर्षाला एक डॉपलर आणि रोज पहाटे रंकाळा. तलावाला एक अख्खी फेरी, पोटरी आवळतेय याच्याकडे लक्ष देत. रंकाळ्यावर पहाटे चालणाऱ्या बायकांचे पाय मी बघते. साडीच्या काठाखालून घोटा किती दिसतो तेवढाच, पण रंग कळतो. दोघींना थांबवून बोलले. एक रागावली. दुसरीने चहाच्या गाडीजवळ बाकावर बसून साडी वर घेतली, आणि मग मी म्हटलं, बसून नको ताई, उभ्या राहा.

गेल्या पावसाळ्यात एक मामा दुकानात आले, डाव्या चपलेत रक्त साचलेलं. आंघोळ करताना फुगलेल्या शिरेवरची खपली निघाली आणि धार लागली, वर कापड गुंडाळून तसेच चालत आलेले. मी त्यांना काउंटरच्या बाहेर फरशीवर आडवं केलं, पाय औषधाच्या खोक्यांवर उंच ठेवला, गॉजने दहा मिनिटं दाबून धरलं. थांबलं. मग नवऱ्याने गाडीवरून दवाखान्यात नेलं. हे लक्षात ठेवा, कुणावर वेळ येईल सांगता येत नाही: आडवं व्हायचं, पाय छातीच्या वर उचलायचा आणि दाबायचं. बसून किंवा उभं राहून रक्त थांबत नाही, आणि माणसं घाबरून नेमकं तेच करतात.

केरळात 2018 साली दुकानांच्या कायद्यात बदल झाला. काम करणाऱ्याला बसायला जागा दिलीच पाहिजे. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला होता. दिवसभर उभं राहायचं, भिंतीला टेकायचं नाही, लघवीलाही सहज जाऊ देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. हे वाचलं त्या दिवशी मी दुकानातून परत येताना मुद्दाम महाद्वार रोडने चालत आले. साड्यांची दुकानं, भांड्यांची, खेळण्यांची. पूर्वी साडीच्या दुकानात गादी असायची, पांढरी चादर घातलेली, विकणारा आणि घेणारी दोघंही मांडी घालून समोरासमोर बसायची. आता उंच काउंटर झाले. गिऱ्हाइकाला स्टूल आहे. पलीकडे पोरी उभ्या, वीस-बावीस वर्षांच्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. मी प्रत्येक दुकानासमोर थांबून त्या मोजल्या. बसलेली एकही दिसली नाही.

आमच्याकडे दोन वर्षांपासून कागलकडची एक मुलगी कामाला आहे. हुशार, चिठ्ठ्या माझ्याआधी वाचते. तिची आई पण उसाला जाते. मी नवऱ्याच्या मागे लागून फ्रीज बाहेरच्या बाजूला सरकवला, खालचे दोन कप्पे काढले आणि उंच पायांची दोन स्टुलं करून घेतली. त्यावर बसलं तरी हात काउंटरवर येतात, गिऱ्हाइकाशी डोळ्याला डोळा राहतो. मी बसते. ती बसत नाही. ‘बस गं’ म्हटलं की म्हणते, ‘बसतो की ताई,’ आणि कप्पे पुसायला लागते. मालकीण समोर असताना, गिऱ्हाईक उभं असताना बसणं तिच्या अंगवळणी नाही. दिवाळीच्या आधी एकदा दुपारी दुकान रिकामं होतं. मी पुन्हा म्हटलं. ती टेकली, स्टुलाच्या कडेला, एक पाय फरशीवर तसाच ठेवून. तेवढ्यात काचेपलीकडे कुणीतरी आलं आणि ती उठली.